मेल वाढवायचे असल्यास

संगमेशचं डोकं सकाळपासून फिरलं होतं, आणि फिरायला कारणही तसंच होतं. बीडच्या कोंदट सायबर कॅफेत बसून त्याने अमेरिकेतली मराठी गिऱ्हाइकं एकेक करून जोडली होती. वडवणीचा म्हाळू धनगर घोंगडी विणायचा, संगमेश मेल पाठवून ती विकायचा. या हिवाळ्याच्या भरवशावर म्हाळूने भावकीतलीही लोकर उचलली होती.

मग तिकडे नको असलेल्या मेलविरुद्ध कायदा झाला. खोट्या लॉटऱ्या आणि भलतीसलती औषधं गळ्यात मारणाऱ्यांसाठी झाला म्हणे. ते लबाड मोकळेच राहिले आणि कचाट्यात सापडला घोंगडीवाला. चोर सोडून संन्याशाला सुळी! मेल पाठवणाऱ्या कंपनीने संगमेशला बजावलं, प्रत्येक मेलखाली मेल बंद करायची सोय द्या, नाहीतर खातं गोठवू.

संगमेशने मजकुराचा कागद छापून घरच्या दुकानात आणला. शेवटची ओळ होती, ‘मेल बंद करायचे असल्यास इथे दाबा.’ ती वाचून त्याचे वडील चन्नप्पा गादीवरून उठलेच.

"दुकानाच्या कागदावर ‘बंद’ लिवतोस? नारळ वाढवत्यात, बांगडी वाढवत्यात, दुकान वाढवत्यात. बंद म्हनतंय का कुनी?"

"अप्पा, कायदा हाय त्यो!"

"आसंल. ‘वाढवायचे’ लिही. शहान्याला कळतंय."

संगमेश चिडला, पण त्याने ऐकलं. धंद्याच्या कागदावर तो शब्द लिहायला त्याचाही हात धजत नव्हता, हेही खरंच होतं.

तिकडच्या लोकांनी शब्द सरळ वाचला. ज्यांना घोंगडी आवडली होती त्यांनी ‘मेल वाढवायचे’ वर हौसेने दाबलं, आणि कंपनीच्या यंत्राने त्यांचीच नावं कापली. ज्यांना नको होती त्यांना थांबवायची वाट सापडेना, म्हणून त्यांनी तक्रारी ठोकल्या. संगमेशने कंपनीला परोपरीने विनवलं की चूक शब्दाची आहे, माणसं तोडू नका. आज सकाळी उत्तर आलं: ज्यांनी नको म्हटलं, त्यांना पुन्हा मेल पाठवता येणार नाही. माफी मागायलाही नाही. शिवाय तक्रारींपायी खातं गोठवलं होतं, आणि सगळे पत्ते त्याच खात्यात होते.

दुपारी म्हाळू घोंगड्यांचा भारा घेऊन दुकानात आला. संगमेशने त्याला सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला.

"ज्याला पायजे त्याला बोलायचं न्हाई, म्हाळूबा! ही कोन्ती रीत? आन् आमच्या अप्पांना शुभ-अशुभ पायजे! घ्या आता शुभ!"

चन्नप्पा मान खाली घालूनच म्हाळूला म्हणाले, "भारा हितंच ठिव. इकू कवातरी."

म्हाळूने भारा खाली ठेवलाच नव्हता.

"हितं ठिवून काय करू, मालक? तुमाला गिऱ्हाइकाशी बोलायची मनाई हाय. मला वडवणीच्या बाजारात वरडता तरी येतंय."

तो यष्टी धरायला निघून गेला. संगमेशला त्याचा राग यायला हवा होता, पण यावेळी रागही आला नाही, नुसती लाज वाटली.