आलेल्या दोघांपैकी

दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणे हे दानच होय. परंतु ते असे दान आहे की, दात्याचे लक्ष क्षणभर जरी स्वतःच्या दातृत्वाकडे गेले तरी देणे तिथेच थांबते, आणि दात्याला मात्र त्याचा पत्ता लागत नाही. पुढील हकिकतीतले डॉक्टर सज्जन होते, विद्वान होते आणि आपल्या व्यवसायावर त्यांची निष्ठा होती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण दुर्जनांच्या चुकांपासून शिकण्यासारखे फारसे काही नसते.

डॉक्टर मनोविकारांवर उपचार करीत. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता व खाली चष्म्यांचे दुकान. त्यामुळे जिन्यात कोणी ओळखीचे भेटलेच, तर डोळे दाखवायला आलो असे म्हणण्याची सोय होती. लोकांचा हा संकोच डॉक्टरांना फार सले. तो घालवण्यासाठी त्यांनी नियम केला होता की, दवाखान्यात 'पेशंट' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. रुग्ण आणि सोबतचा माणूस सारख्याच खुर्च्यांवर बसत, केसपेपरवर दोघांच्याही नावांपुढे 'आलेले' एवढेच लिहिले जाई, आणि त्यांपैकी आजारी कोण, हे डॉक्टर न विचारता ओळखत. जुन्या वैद्यांनी रोगपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: पाहणे, स्पर्श करणे व विचारणे. डॉक्टरांनी त्यांत सांगण्याची भर घातली होती, आणि या चौथ्या मार्गाचा विस्तार असा झाला होता की पहिल्या तिघांना बाहेर बाकावर बसावे लागे. प्रत्येकाला ते पाऊण तास देत. माणसाचे ऐकून घेणे किती आवश्यक आहे हे समजावण्यात त्यातला अर्धा तास जाई.

या दवाखान्यात एके सकाळी एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. सासरे निवृत्त मोजणीदार होते; पस्तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजून त्यांच्या हद्दी आखून देण्यात गेलेली. पत्नी जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर त्यांचे बोलणे आटत गेले, मग जेवण. तरीही सुनेने धीर धरला होता. पण थंडी तोंडावर आली असताना त्यांनी आपला लोकरीचा कोट पोस्टमनला देऊन टाकला, आणि का दिला असे विचारताच म्हणाले, "आता लागणार नाही." त्या तीन शब्दांनी सुनेचा धीर सुटला. म्हातारा माणूस आवरासावर करतो आहे, हे तिला कळले होते. तो कुठे निघाला आहे, हे तिला कोणाला विचारवत नव्हते.

"सांगा," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, हे जेवत नाहीत. बोलत नाहीत. यांनी कोट देऊन टाकला, डॉक्टर, चांगला कोट..." आणि तिला रडू कोसळले.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिले. एका खुर्चीत विस्कटलेल्या केसांची, डोळ्यांखाली काळे पडलेली, बोटांनी पदर पिळणारी स्त्री होती. दुसऱ्या खुर्चीत इस्त्रीच्या सदऱ्यातले ताठ, शांत गृहस्थ होते.

"तुमचं काय म्हणणं, बाबा?"

वृद्ध काही बोलले नाहीत. मग डॉक्टर बोलू लागले, आणि वृद्धांनी अर्धा तास त्यांच्याकडे एकटक पाहत, एकदाही मध्ये न तोडता, ते सर्व ऐकले. एवढ्या वर्षांत असा श्रोता डॉक्टरांना लाभला नव्हता. इतका संयम, इतके समत्व! असा निरोगी मनुष्य या खोलीत आजवर आला नसेल, असे त्यांच्या मनात येऊन गेले. निदान झाले.

"ताई," ते सुनेला म्हणाले, "झोप कशी आहे तुमची?"

"माझी? नाही लागत. पण ते जाऊ द्या..."

"जाऊ कसं द्यायचं? ही सौम्य गोळी रोज झोपताना घ्या. आणि दुसऱ्यांवर लक्ष ठेवणं जरा कमी करा."

"अहो पण डॉक्टर, यांना मी घेऊन आलेय!"

"तसंच वाटतं सगळ्यांना," डॉक्टर अतिशय प्रेमाने म्हणाले. मग त्यांनी वृद्धांच्या हाती एक कोरी वही दिली. "बाबा, घरात तुम्हीच स्थिर आहात. यांच्या झोपेची रोज नोंद ठेवा. किती वाजता उठतात, काय करतात, सगळं."

वृद्धांनी वही घेतली. पस्तीस वर्षे नोंदी ठेवलेला हात तो. पुढे केलेली कोरी वही त्याने नाकारली नाही.

बाहेर केसपेपर लिहिणाऱ्या बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत.

"काय गं, काय म्हणाले?"

"मलाच गोळ्या दिल्या, मावशी."

"अगं बाई! मागे एकानं सोबतीला मेव्हण्याला आणलं होतं. मेव्हणा खडखडीत बरा झाला, आणणारा होता तसाच आहे."

सुनेने परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टर एवढे शिकलेले, ते चुकतील का? तूच जरा घाबरट आहेस. आणि बाबा पहिल्यापासून कमीच बोलतात." दूर असलेल्या मुलाला वडिलांविषयी जी खात्री असते, ती जवळच्यांना कधी परवडत नाही.

दहाव्या दिवशी सासऱ्यांनी ताटाला हात न लावता सुनेला सांगितले, "कपाटाच्या वरच्या खणात घराचे कागद आहेत. किल्ली देवघरात ठेवलीय." तिच्या हातातले भांडे खाली पडले. तिने दवाखान्यात फोन लावला. मावशींनी आत जाऊन निरोप दिला, आणि ही चिंता अपेक्षितच आहे, असे उत्तर घेऊन त्या परत आल्या.

"तो निरोप राहू दे बाजूला," त्या फोनवर म्हणाल्या. "उद्या सकाळी पहिला नंबर तुझा. आणि तोवर त्यांना एकटं सोडू नकोस. किल्ल्या, औषधं, सगळं आपल्याजवळ ठेव."

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन सासरे आले की सासऱ्यांना घेऊन सून आली, हे सांगणे कठीण होते. दोघांनी एकमेकांचा हात धरला होता.

"बाबा, नोंदी आणल्यात?" डॉक्टरांनी विचारले.

वृद्धांनी वही उघडली. घसा खाकरला. न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला.

"सोमवार. एक वाजून दहा. उठली. माझ्या दाराशी आली. उभी राहिली, चार मिनिटं. परत गेली. दोन पन्नास. उठली. माझ्या दाराशी आली. सहा मिनिटं. चार पाच. उठली. माझ्या दाराशी..." त्यांनी पाने उलटली. "दहा रात्री. सदतीस वेळा. प्रत्येक वेळी माझ्याच दाराशी."

"बघा, ताई!" डॉक्टर उजळले. "यालाच मी अतिकाळजी म्हणतो. आता आपण..."

"थांबा," वृद्ध म्हणाले. "मोजणी संपली नाही अजून."

डॉक्टर थांबले.

"अंधारात दाराशी माणूस कशासाठी उभा राहतो? आतला श्वास चालू आहे का, ते ऐकायला. मी जागाच असायचो. मला वाटायचं, माझं मी गुपचूप आवरतोय, कुणाला पत्ता नाही. ही पोर सदतीस वेळा उठली." त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली. "हद्द चुकीची आखलीत तुम्ही, डॉक्टर. हिला काही झालेलं नाही. पेशंट मी आहे."

"बाबा..."

"गप गं पोरी. आत्ता बोलू दे, नाहीतर परत जमायचं नाही."

डॉक्टरांचे तोंड उघडे होते. पुढचे वाक्य नेहमीप्रमाणे तयार असायला हवे होते. ते आले नाही. त्या रिकाम्या जागेत त्यांनी वृद्धांकडे पाहिले, आणि त्यांना प्रथमच दिसले की सदरा इस्त्रीचा असला तरी गळ्याशी दोन बोटे सैल झाला आहे. ज्याला त्यांनी समत्व मानले होते, ती नुसती उपासमार होती. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि वृद्धांची नाडी धरून शेजारच्या खुर्चीत बसले.

"मरावंसं वाटतं का, बाबा?"

सुनेने डोळे मिटून घेतले. हाच प्रश्न तिला महिनाभर विचारता आला नव्हता.

"वाटतं," वृद्ध म्हणाले. "पण हिची पावलं वाजली की नोंद करायची असते. तेवढा वेळ वाटत नाही."

"आणखी सांगा."

वृद्ध सांगू लागले. त्या दिवशी पाऊण तासाचा दीड तास झाला, आणि डॉक्टरांनी त्यात एकंदर सातच प्रश्न विचारले. नंतर त्यांनी औषधे लिहिली, ती सुनेच्या ताब्यात दिली, दर तिसऱ्या दिवशी यायला सांगितले, आणि स्वतः मुलाला फोन लावला.

"पहिल्या गाडीनं निघा. नाही, फोनवर नाही समजायचं. दहा रात्री तुमची बायको वडिलांच्या दाराशी उभी होती. आता पाळी तुमची. ताईंना झोपू द्या."

मुलगा आला. वृद्ध एकदम बरे झाले असे मी म्हणणार नाही. तसे कोणी होत नाही. पहिला महिना जडच गेला. मग एके दिवशी त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली, आणि सून ती तक्रार ऐकून स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली.

डॉक्टरांनी पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या एका सभेत या प्रसंगावर व्याख्यान दिले. रुग्णाच्या हाती दुसऱ्याची काळजी सोपवून त्यालाच निदानापर्यंत नेण्याची आपली पद्धती त्यांनी सविस्तर उलगडून दाखवली. टाळ्या खूप पडल्या. मावशींना हे कळले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "हो तर! सगळं ठरवूनच केलं होतं त्यांनी." परंतु त्याच आठवड्यापासून, आत जोडीने कोणी आले की, डॉक्टर आधी दोघांनाही विचारू लागले, "बरं कुणाला वाटत नाहीये?" हेही मावशींनीच सांगितले, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत.

त्या वृद्धाला वेळच्या वेळी भूक लागो. त्या सुनेला अखंड झोप लागो. मुलाला घराची वाट लांब न वाटो. आणि डॉक्टरांना, जे मुळात सज्जनच आहेत, अधूनमधून बोलायला काहीही न सुचो.