भोंग्याचं तोंड

पुतळ्याचं तोंड मिटलेलं होतं, आणि ते पाहून दातांच्या डॉक्टरीणबाईंचं डोकंच फिरलं. भाऊ होता तो त्यांचा. उभा जन्म बोंबलून गायला, लोकांच्या कानठळ्या बसवल्या. गाव त्याला भोंगा म्हणायचं, निम्मं कौतुकाने, निम्मं वैतागून. आणि इथे शिल्पकाराच्या कारखान्यात ओल्या मातीत उभा कोण, तर शाळा तपासायला आलेला साहेब. केस चापूनचोपून बसवलेले. हातात माइक होता खरा, पण जणू आभाराचे दोन शब्द बोलून खाली बसणार.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

शिल्पकार हात पुसत राहिला. "पुतळा समितीने असाच सांगितला, ताई."

"चौकात उभा राहणार तो," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "तोंड उघडं ठेवलं तर पाखरं घरटं करतील. आणि जरा शोभायला नको?"

याच गृहस्थांनी भोंग्याच्या गाण्याच्या तालमीवर ऊठसूट पोलीस धाडले होते. तो बाहेर गाजला, मग गेला, आणि लगेच गावचा लाडका झाला. वा रे वा.

"जिवंतपणी गप्प बसवता आलं नाही, म्हणून आता बसवताय होय?" बाई म्हणाल्या. "मी हो म्हणणार नाही."

घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय मातीवर साच्याचं प्लास्टर चढत नसे, आणि एकदा चढलं की आतल्या चेहऱ्याला कुणालाच हात लावता येत नसे. अध्यक्ष तणतणत समितीला फोन करायला अंगणात गेले.

बाईंनी बाह्या सारल्या आणि शिडीवर चढल्या. ओठांवर अंगठा टेकवला. माती थंडगार होती. त्यांचा हात थबकला. तो गेला तेव्हा दवाखान्यात त्याचा जबडा त्यांनीच मिटवला होता, याच हाताने, आणि ते त्यांना अजून सहन होत नव्हतं. त्यांनी दात-ओठ खाऊन अंगठा आत रोवला.

तोंड उघडलं. शिल्पकाराने कोरणी पुढे केली. "दात कसे होते?"

"वरचा एक पुढे आलेला. बहीण डॉक्टर, पण मेल्याने सरळ करून घेतला नाही."

दोघांनी मिळून घसा पार खोल कोरला, केस विस्कटले. आता तो भोंगा दिसत होता.

"चढवा प्लास्टर."

"अध्यक्षांना येऊ द्या की."

"त्याच्या घरची कोण, मी की अध्यक्ष?"

शिल्पकाराने क्षणभर त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्लास्टरची बादली ओढली.

अध्यक्ष परतले तेव्हा मान, चेहरा, केस सगळं पांढऱ्या लगद्याखाली गेलं होतं आणि घट्ट होत होतं.

"समितीचं ठरलंय, तोंड बंदच," ते म्हणाले, आणि थांबले. "आत काय केलंत?"

"उघडलंय. मिटवायचं असेल तर आता अख्खा भाऊ फोडावा लागेल." बाईंनी कोपऱ्यातली हातोडी उचलून त्यांच्या हातात दिली. "घ्या. पण इथे नाही, चौकात नेऊन फोडा. गावासमोर."