टेम्पोनं काय घोडं मारलं होतं?

रिक्षा सुरू झाली, पण टेम्पो काही केल्या सुरू होईना. खरा टेम्पो असता तर स्नेहलनं धक्का तरी मारला असता. हा मेला कॉम्प्युटरमधला, याला धक्का मारायचा कुठून?

शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासातल्या योगिनी मॅडमनी तिला सांगूनच ठेवलं होतं, "दुपारच्या नव्या बॅचला इनहेरिटन्स, म्हणजे प्रोग्राममधला वारसा, तू शिकव. जमलं तर शिकवायला तुलाच ठेवते." नाही जमलं तर काकानं बघून ठेवलेली पॅकिंगची नोकरी होतीच, आणि स्नेहलला ती डोळ्यांसमोर नको होती.

तशी तयारी चोख होती. गाडी हा मूळ क्लास, म्हणजे साचा; सुरू होणं, थांबणं सगळं त्यात लिहिलेलं. रिक्षा आणि टेम्पो या गाडीच्या पोटचे, तसं त्यांच्या नावापुढे कंसात लिहिलेलंही होतं. मग स्नेहलबाईंनी काय करावं? सुरू होणं, थांबणं गाडीतून उचललं नि रिक्षात नेऊन लावलं! धसईकडच्या पोरीला दुसरं काय सुचणार? भाताच्या आवणीला दरवर्षी हेच केलेलं. राबातली रोपं उपटायची नि खाचरात लावायची, राब रिकामा झाला की काम झालं. इथं मात्र गाडी रिकामी झाली नि टेम्पो उपाशी राहिला. त्यानं बिचाऱ्यानं काय घोडं मारलं होतं?

पण हे स्नेहलला अजून कुठं कळलेलं! वैतागून तिनं डबा उघडला. आत तांदळाची भाकरी, पातळ. म्हणजे अंजूच्या हातची. स्नेहलची जाडच होते. दोघी बहिणींना शिकवलं एकट्या आईनं. उकड तीच, मळणं तेच, अंजूनं फक्त थापणं आपल्या पद्धतीचं केलं. आणि दोघींना देऊन आईच्या हातचं काही कमी झालं का? छे!

घास हातातच राहिला. "अगो बाय!" ती एकटीच ओरडली. उचललेलं सगळं तिनं गाडीत परत ठेवलं; तिथून ते रिक्षा-टेम्पो दोघांनाही आपोआप मिळणार होतं. टेम्पोत फक्त माल भरणं लिहिलं, ते त्याचं एकट्याचं. टेम्पो सुरू झाला नि तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी तिनं भाकरीचीच गोष्ट सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग लिहायला बसल्यावर मुरबाडच्या भिमीचं अडलं.

"ताई, माझा टेम्पो चालतच नाय."

स्नेहलनं वाकून पाहिलं. गाडी रिकामी! तिला हसूच फुटलं. "राब रिकामा केलास ना गो? मी पण सकाळी हेच केलं. ठेव सगळं परत."

भिमीनं ठेवलं नि तिचाही टेम्पो निघाला. दारात उभ्या मॅडम म्हणाल्या, "स्नेहल, उद्यापासून ये."

तिनं लगेच घरी फोन लावला.

"जमलं का गो?" आईनं आधी तेच विचारलं.

"जमलं, आई."

"मंग काकाला सांगते, पॅकिंगला आमची पोरगी येत नाय म्हणून!" आई म्हणाली, आणि फोन ठेवायचा विसरून अंजूला हाका मारत सुटली.