सरळ हँडल

आमचे भाऊजी छापखान्यात मुद्रितशोधक. दिवसभर मान खाली घालून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सुटी मिळाली की मान खाली घालूनच सायकल हाणायची, असं त्यांचं आयुष्य. ताई शाळेत भूगोल शिकवते. लग्न झाल्यापासून दोघं दर सुटीत सायकलवरून लांब लांब जातात, भाऊजी पुढे आणि ताई मागे. ताईची सायकल साधी, ताठ बसून चालवायची. भाऊजींची खास लांब पल्ल्याची, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. सव्वीस वर्षं त्या शिंगांना धरून हा माणूस रस्ता कापत होता.

मी ताईचा धाकटा भाऊ. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे त्या सायकलीची सगळी सेवा माझ्याकडे. फक्त हँडलला हात लावायची मला परवानगी नव्हती. तिथली पट्टी भाऊजी स्वतः गुंडाळायचे, जुनीवरच नवी, एकावर एक.

यंदा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून घेतला, मणक्यांकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, सायकल सोडा, नाहीतर ताठ बसून चालवा. सोमवारी सकाळी ताई त्यांना घेऊन दुकानात आली. भाऊजींचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा.

"सरळ हँडल बसव म्हणे," ते म्हणाले. "त्यापेक्षा मान बदलून मिळते का बघ."

"मानेचा माल संपलाय," मी म्हटलं. "हँडल आहे."

"जुनं टाकू नकोस. बोटं बरी झाली की परत तेच लावायचंय."

ताईने माझ्याकडे पाहून डोळे मिटल्यासारखं केलं. मी म्हटलं, ठेवतो जपून.

ते दोघं गेल्यावर मी कामाला लागलो. हँडल बदलणं म्हणजे एक काढलं, दुसरं लावलं, इतकं सोपं नसतं. नवं हँडल जुन्या स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या दांड्याच्या, पकडीत किंचित सैल बसतं, म्हणून स्टेमही बदलायला लागतो. ब्रेकचे लिव्हर वेगळे लागतात, आणि त्यातही जुन्या ब्रेकला जेवढी केबल ओढायला हवी तेवढीच ओढणारे लागतात. गिअरचे खटके तेवढे फ्रेमवरच होते, त्यांना धक्का लावावा लागला नाही. पण स्टेम फ्रेमच्या आत असा धरून बसला होता की हलायचं नाव घेईना. तेल सोडलं, एक दिवस थांबलो, परत तेल सोडलं. तिसऱ्या दिवशी बोल्टवर लाकडी ठोकळा ठेवून एक हातोडा मारला तेव्हा कुठे त्याने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि सुटला.

मग पट्टी सोडायला घेतली. वर काळी, खाली निळी, त्याखाली रंगच न कळणारी. सगळ्यात आत हँडलवर पांढरी भुकटी साचली होती. घामाने धातू खाल्ला होता. ठिकठिकाणी मसुराएवढे खड्डे. मी हँडल स्टेममधून ओढून काढलं, तर पकडीच्या कडेलाच केसासारखी एक काळी रेघ. फडक्याने पुसली, जाईना. नख फिरवलं तर नख अडकलं.

मी हँडल टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात अडकवलं आणि एका हाताने दाबलं. फार जोर लावलाच नाही. काकडी मोडावी तसं ते मोडलं.

मोडलेला तुकडा उजेडात धरून मी बराच वेळ उभा होतो. चीर ताजी असते तिथे धातू चमकतो, जुनी असते तिथे काळा पडतो. इथे जवळजवळ सगळा गोल काळा होता. चकचकीत भाग फक्त करंगळीच्या नखाएवढा. गेल्याच महिन्यात भाऊजी घाटातून उतरले होते आणि आल्यावर मला अभिमानाने वेग सांगितला होता. तेव्हा त्यांचं सगळं वजन, मागच्या सामानाचा धक्का, प्रत्येक वळण, हे सगळं त्या नखाएवढ्या धातूने धरून ठेवलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. आजवर हजारो मोडके भाग हातातून गेलेत, पण असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी भाऊजी आले. मी दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा वर केला, तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि प्रूफ वाचतात तसे वाचू लागले. मग ताईला फोन केला. "अगं, ये जरा इकडे," एवढंच म्हणाले.

ताईने तुकडा पाहिला, मी समजावलं, आणि ती दुकानातल्या स्टुलावर बसली. परत जुनं हँडल लावायचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

रविवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. नव्या केबल पहिल्या प्रवासात थोड्या ताणतात, वाटेत आवळाव्या लागतात, म्हणून मी हत्यारं घेऊन सोबत. रस्ता त्यांचा नेहमीचाच, नदीकाठाने डोंगरात शिरणारा आणि पलीकडे धरणाकडे उतरणारा. भाऊजी सुरुवातीला अवघडून बसले होते. "खुर्चीवर बसून ऑफिसला चाललोय असं वाटतंय," म्हणाले. दोनदा त्यांचा हात ब्रेक शोधत जुन्या जागी खाली गेला आणि हवेत मिटला. मग हळूहळू खांदे सैल पडले.

डोंगराचा पहिला वळसा ओलांडला आणि भाऊजींनी एकदम ब्रेक लावला. मी जेमतेम सावरलो. मला वाटलं केबल सुटली. उतरून पाहतो तर ब्रेक व्यवस्थित. भाऊजी एक पाय जमिनीवर टेकून वर बघत होते.

रस्त्याच्या कडेला डोंगराची उभी भिंत आहे. तिच्यात दगडाचे थर, राखाडी, पिवळट, परत राखाडी. ते आडवे जात नाहीत. खालून निघतात, वर चढतात, आकाशाजवळ वळतात आणि परत खाली येतात. कोणीतरी गादी दुमडून ठेवावी तसा अख्खा डोंगर दुमडलेला आहे. त्या घडीत आमचं शहर बसलं असतं.

"हे कधी झालं?" भाऊजींनी विचारलं.

"काय कधी झालं?" ताईने मागून येत विचारलं.

"हा डोंगर. असा."

ताई हसली. "झाली असतील काही कोटी वर्षं."

भाऊजी हसले नाहीत. तिचंही हसू मग हळूहळू मावळलं.

"अहो," ती म्हणाली, "दर वर्षी धरणावर पोचलो की मी तुम्हाला हाच डोंगर सांगते. तुम्ही म्हणता, हो, बघितला."

"म्हणायचो."

"आणि बघितलेला नसायचा?"

"आधी वेग मोडू नये म्हणून वर बघायचो नाही. मग तीच सवय लागली. आणि नंतर नंतर मानच वर होईना."

ताईने सायकल कठड्याला टेकवली. "ती दोन रंगांच्या पाण्याची नदी? पुलावर मी हाकसुद्धा मारली होती."

"पूल आठवतो. सांध्यावर लोखंडी पट्टी होती, ओल्यात चाक घसरेल अशी."

"तळ्यावर शेकडो बगळे उतरले होते ते?"

"तिथे बारीक खडी पसरलेली होती. उजव्या बाजूला."

"मग हो कशाला म्हणायचात?"

"तू इतक्या आनंदाने सांगायचीस. नाही म्हटलं असतं तर परत मागे नेलं असतंस."

एरवी आम्ही हसलो असतो. ताई कठड्यावर बसली. "म्हणजे सव्वीस वर्षं मी एकटीच फिरले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, वर्गात हजेरी घ्यावी तसं म्हणाली.

मी पाना काढून उगाच एक घट्ट बोल्ट आणखी घट्ट करू लागलो.

भाऊजींनी आपली सायकल तिच्या सायकलीशेजारी टेकवली. मग म्हणाले, "खड्डा आला की मी हात मागे करून दाखवायचो. डावीकडे असला तर डावा, उजवीकडे असला तर उजवा. इतक्या वर्षांत तू एकदा तरी पडलीस?"

ताईने आठवून पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या सायकलीचं चाक मी कधी सरळ केल्याचं मला आठवेना. गुडघा फुटल्याचंही नाही. रस्त्याकडे तिने कधी बघितलंच नव्हतं, हे बहुधा तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तिने भाऊजींकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवून डोंगराकडे बघायला लागलो.

"या इकडे," थोड्या वेळाने ती उठत म्हणाली. "आलाच आहात तर नीट बघा."

तिने त्यांना भिंतीपाशी नेलं, एका पिवळट थरावर त्यांचा तळवा ठेवला आणि म्हणाली, हा समुद्राचा तळ होता, हा इथला दगड चिखल होता, मग दोन्हीकडून जमीन सरकत आली आणि हे सगळं दुमडत वर गेलं. भाऊजी बोट टेकवून थरावरून पुढे सरकू लागले, ओळीवरून सरकतात तसे. आणि थांबले. दगडात एक शिंपला होता. अंगठ्याएवढा, त्यावरच्या बारीक रेघा अजून मोजता येतील असा.

"अगं, हा खरा आहे?"

"खराच."

"समुद्रातला? इथे?"

"त्याच्या बाजूला बघा."

बाजूला दुसरा होता. मग तिसरा. मग आमच्या लक्षात आलं की तो सगळा थरच शिंपल्यांचा आहे, डोक्याच्या वरपर्यंत आणि त्याच्याही वर, त्या वळणापर्यंत. मी या रस्त्याने लहानपणापासून येतोय. माझं लक्ष कायम चेनच्या आवाजाकडे. बोटं बधिर झालेला तो डावा हात भाऊजींनी शिंपल्यावर ठेवला होता आणि ते ताईकडे बघत होते. डोळे भरले होते, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

त्या दिवशी आम्ही धरणापर्यंत पोचलोच नाही. डबा तिथेच भिंतीपाशी खाल्ला आणि उन्हं कलल्यावर परत फिरलो. परतताना दोघंही माना वर करून चालले होते, रस्त्याकडे बघणारं कोणी नाही. शेवटी मीच पुढे झालो आणि खड्डा दिसला की हात मागे करून दाखवू लागलो. मागून ताईचा आवाज येत होता, तो कडा बघा, ती कपार बघा. भाऊजी प्रत्येक वेळी विचारत होते, "कुठे?" आणि ती परत सांगत होती.