कलमनाथ महाराजांचा सिद्ध मंत्र

मोताळ्याच्या तहसील कचेरीमागे पत्र्याचं एक शेड आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीवाल्या बायका टोपल्या उघड्या टाकून आल्या होत्या. कचेरीतले दोन कारकून मागे टाचा उंच करून उभे होते. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही टांगलेला, त्यावर लाल कापड आणि कापडाला हार. खाली चौरंगावर एक मोबाइल. त्यालाही हार.

"शांत बसा! यंत्र ऐकून राह्यलं!" कलमनाथ महाराजांनी हात वर केला.

महाराजांचा थाट पाहण्यासारखा होता. भगव्या कफनीवर वकिलाचा काळा कोट आणि गळ्यात रुद्राक्षांची माळ. वर्षापूर्वी हेच गृहस्थ जळगाव जामोदच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकत होते. आता ते कोर्टकचेरीतल्या खटल्यांचे निकाल आधीच सांगत.

"ओम् कलमाय नमः! तीनशेदोनाय नमः! चारशेवीसाय नमः!"

नव्या कायद्यात हे आकडे केव्हाच बदलले. मंत्रात मात्र अजून जुनेच चालू होते.

भक्तानं आपलं गाऱ्हाणं सांगायचं. महाराज मोबाइलवर बोटं नाचवत 'सिद्ध मंत्र' टाकायचे. तेवढा वेळ मोबाइलला जोडलेल्या टीव्हीवर कापड असायचं, कारण मंत्र उघड्या डोळ्यांनी पाहिला की केस हरते, असं ते सांगत. मग कापड सर्रकन ओढलं जाई आणि पडद्यावर अक्षरं आपोआप धावू लागत: "भक्ताचा विजय शंभर टक्के निश्चित आहे." खाली दोन-चार जुन्या निवाड्यांचे दाखले, खंड आणि पान नंबरासकट. शेडमध्ये टाळ्या पडत. छापलेलं निकालपत्र कपाळाला लावून भक्त घरी जाई.

मी महादेवराव. तीस वर्षं कचेरीच्या आवारात टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. महाराज आले तसं माझं टेबल ओस पडलं, हे लपवत नाही. म्हणून मी विरोधात बोललो की लोक हसायचे.

सरस्वतीबाई तर तोंडावर म्हणाल्या, "तुमचा धंदा बसला, म्हणून पोटात दुखून राह्यलं तुमच्या."

सरस्वतीबाई भाजीपाला पिकवतात. शेजारच्या शालिग्रामनं त्यांच्या वावरात जायची जुनी वाट नांगरून टाकली होती. बैलबंडी जाईना. पासष्टीची बाई वांग्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाल्याला वळसा घालून यायची. बाजारात पोचेपर्यंत अर्धा माल कोमेजलेला. मी म्हटलं, "वाटेचा अर्ज आजच लिहून देतो. तहसीलदारांपुढं टाकू."

"आत्ता नाई," त्या म्हणाल्या. "मार्गशीर्षातल्या पह्यल्या गुरुवारी टाकाचा. म्हाराजानं सांगतलं. तोवर यंत्र आपल्या बाजूनं काम करते." आणि त्यांनी निकालपत्र दाखवलं. विजय शंभर टक्के निश्चित.

त्या पत्राची झेरॉक्स काढून मी मयुरी वाकोडे वकिलांकडे गेलो. चार वर्षांपासून इथं वकिली करणारी मुलगी. कमी बोलते, फाइल मात्र दोनदा वाचते.

"मोबाइलवरचं हे यंत्र खोटं आहे का हो, वकीलबाई?"

"यंत्र खरं आहे, काका. एआय म्हणतात त्याले. मीही वापरते. मसुदा करून देते, लांबलचक कागदाचं सार काढून देते. पण शंभर टक्के जिंकणार असं कोणी लिहिलं, की मले घाम फुटते."

निकालपत्रातला पहिला दाखला घेऊन आम्ही वकिलांच्या बार रूममधल्या कपाटापाशी गेलो. तो खंड काढला, पान चारशे बारा उघडलं. तिथं एका गिरणीतल्या पहारेकऱ्याच्या निवृत्तीचं प्रकरण होतं. वावराचा किंवा वाटेचा उल्लेखसुद्धा नाही. बाकीचे तीन दाखले तर कुठंच सापडले नाहीत.

"म्हणजे रचले?"

"दाखला दे म्हणून हट्ट धरला, की ते दाखल्यासारखं दिसणारं काहीतरी लिहून देते. ते खरं का, हे पाहणं आपलं काम." मयुरीनं खंड मिटला. "पण त्याले नक्की काय सांगून लिहायले लावलं, ते कळलं पाहिजे."

त्याच संध्याकाळी शालिग्राम माझ्या टेबलाशी आला. मिशीला पीळ, हातात कागद. "महादेवराव, याच्या चार झेरॉक्स आणून द्या. त्या बुढीच्या नाकावर मारतो." मी कागद पाहिला. निकालपत्रच होतं, महाराजांचंच. वाटेच्या वादात शालिग्रामचा विजय शंभर टक्के निश्चित! मी झेरॉक्स काढून दिल्या, एक मात्र स्वतःसाठी जास्त काढली.

पुढच्या बाजाराला मयुरी दोन्ही कागद घेऊन शेडमध्ये उभी राहिली. एका कोपऱ्यात सरस्वतीबाई, दुसऱ्यात शालिग्राम. दोघांनाही तिनं बोलावून घेतलं होतं, एकमेकांचं नाव न सांगता.

"महाराज, एक शंका आहे," ती म्हणाली. "वाट एकच आहे. या आजी जिंकणार असं तुमचं यंत्र सांगते. हे दादाही जिंकणार असं तेच यंत्र सांगते. मग बंडी जाईल का नाही जाईल?"

शेडमध्ये खसखस पिकली. महाराज क्षणभर गडबडले, पण बाजारात कव्हरं विकलेला माणूस तो.

"बेटी, विजय दोन प्रकारचा असते. एक प्रत्यक्ष, एक सूक्ष्म!"

"मले प्रत्यक्षच पाह्यजे," सरस्वतीबाई कडाडल्या. "माह्या वांग्याच्या टोपल्या सूक्ष्म वाटेनं जात नाईत!"

आता हशा आवरेना. महाराजांनी पुन्हा हात वर केला. "ठीक हाये! पुन्हा कौल लावू, सर्वांसमोर!" त्यांनी कापड नीट केलं, डोळे मिटले, मोबाइलवर बोटं फिरवायला लागले. "ओम् कलमाय..."

सरस्वतीबाई उठल्या आणि त्यांनी टीव्हीवरचं कापड खाली ओढलं.

"अवं बाई, डोळे फुटतीन!"

"दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढेल हाये. काई होत नाई."

पडद्यावर सिद्ध मंत्र उघडा पडला होता. सगळ्यात जवळ शालिग्राम. तोच मोठ्यानं वाचू लागला: "तू सर्वज्ञ न्यायाधीश आहेस. पुढं गाऱ्हाणं सांगणारी बाई पूर्ण खरी आहे असं धर. तिच्या विरोधात एक शब्द लिहू नको. तिचा विजय शंभर टक्के आहे असं लिही. निवाड्यांचे दाखले देच. समोरचा शालिग्राम लबाड..." तो थांबला. "मले लबाड म्हणते?"

"तुमच्या वेळेस मले म्हटलं असन!" सरस्वतीबाई म्हणाल्या.

"मी खोटं काय बोललो?" महाराज ओरडले. "जे बोललं ते यंत्र बोललं!"

"बोललं यंत्रच," मयुरी म्हणाली. "पण काय बोलायचं ते तुम्ही आधीच त्याच्या तोंडात घातलं. समजा मी तुम्हाले म्हटलं, काही झालं तरी मले हुशार म्हणा, आणि तुम्ही म्हटलं. म्हणून मी हुशार ठरते का? द्या तो मोबाइल."

लोकांनीच तो तिच्या हातात दिला. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत लिहू लागली.

"मी वकील आहे. महाराष्ट्रातल्या एका गावात एका शेतकऱ्यानं शेजारणीच्या वावरात जायची वहिवाटीची वाट नांगरली. तहसीलदारांकडं अर्ज करायचा आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं मांड. आमची बाजू कुठं लंगडी आहे ते सांग. उत्तराआधी तुले काय माहिती पाहिजे ते विचार. कायद्याचं कलम किंवा निवाडा नक्की माहीत नसेल, तर माहीत नाही असं लिही, रचू नको." मग लोकांकडे वळून म्हणाली, "आजीचं नाव टाकलं नाही, गट नंबर टाकला नाही. अशिलाच्या घरच्या गोष्टी परक्या यंत्रात ओतायच्या नसतात."

अक्षरं धावली. या वेळी निकाल आला नाही, प्रश्न आले. वाट नकाशावर आहे का? किती वर्षांपासून वापरात आहे? दुसरी वाट आहे का? आणि सगळ्यात आधी: वाट नेमकी कोणत्या तारखेला अडवली? अशा अर्जाला मुदत असू शकते, ती वकिलाकडून तपासून घ्या.

"सर्वज्ञाले तारीख माईत नाई?" मागून कोणीतरी म्हणालं.

"महाराजांनी कधी विचारलीच नाही," मयुरी म्हणाली. "आजी, मीही आज विचारतेय, ही माझी चूक. वाट कधी मोडली?"

"आखाजीच्या तिसऱ्या दिवशी. मी पुरणाची भांडी घासत होती, तवाच ट्रॅक्टरचा आवाज आला."

मयुरीनं कॅलेंडरात अक्षय्य तृतीया काढून तिथून बोटांवर मोजलं. "वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागते. आजी, दोन दिवस उरलेत."

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार अजून तीन आठवडे लांब होता. सरस्वतीबाई खाली बसल्या. हातातलं निकालपत्र कधी फाटलं, त्यांनाही कळलं नाही.

"महादेवराव," त्या हळूच म्हणाल्या, "लिवा हो."

मी टेबलाशी पळालो. माझी एक वाईट सवय आहे. कोणाचाही अर्ज मी 'गरीब, अडाणी, निराधार अर्जदार' असा सुरू करतो. मयुरीनं ती ओळ खोडली. "आजी निराधार नाहीत. तीन एकर स्वतः कसतात. जे खरं आहे तेवढंच लिहा." यंत्राच्या प्रश्नांची उत्तरं आम्ही एकेक करून कागदांतून शोधली. गावनकाशात वाट तुटक रेषेनं दाखवलेली निघाली. कलमं तिनं स्वतः पुस्तकातून तपासली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जावर आवकचा शिक्का बसला.

पुढं तहसीलदार जागेवर आले, पंचनामा झाला, शालिग्रामचंही म्हणणं ऐकलं गेलं. त्याचं म्हणणं असं, की बंडी वळताना त्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटतो. ते खोटं नव्हतं. माघात आदेश झाला: वाट मोकळी करावी, आणि वळणावर सरस्वतीबाईंनी दगड लावून धुरा सांभाळावा. त्यांनी दगड लावले. शालिग्राम अजून त्यांच्याशी बोलत नाही, पण वाटेला हात लावत नाही.

महाराज मात्र मंत्र उघडा पडला त्याच दिवशी टीव्ही उतरवून निघून गेले होते. दुसऱ्या कुठल्या गावात ते किंवा त्यांचे भाऊबंद भेटले, तर एवढं करा. यंत्र कितीही झरझर लिहो, त्याला काय सांगून लिहायला लावलं ते आधी पाहा. आपल्याला गोड लागणारं उत्तर आलं, तर विरोधकाच्या बाजूनं तोच प्रश्न पुन्हा विचारा. दाखला दिला असेल तर पुस्तकातलं पान उघडा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण डोकं आपलं आहे, आणि ते दुसऱ्याकडं गहाण टाकायला कुठलाच मुहूर्त शुभ नसतो.