एकमताने मंजूर

माईक बाजूला सारून ताई टेबलाच्या पुढे आली. युनियनच्या हॉलमध्ये तिला माईक कधीच लागला नव्हता. बाटल्यांच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या बाईचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत आपोआप जायचा.

"कंत्राटी कामगारांना आता प्रॉव्हिडंट फंड मिळेल," ती म्हणाली. "पण त्यांना कायम करायचं कलम त्यासाठी सोडावं लागलंय. पुढच्या आठवड्यात संसदेत मतदान आहे. पक्ष पाठिंबा देणार. तुमचं म्हणणं ऐकायला आलेय."

बोलता बोलता तिची नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिथे कारखान्यातला भट्टीवाला बसला होता. सगळे त्याला आडवा म्हणत, कारण तो ज्याला आडवा गेला नाही असा ठराव या हॉलने पाहिला नव्हता. एकदा मागणीपत्रातल्या एका शब्दासाठी त्याने तिला दुपारभर उभं ठेवलं होतं. घसा बसवून, त्याला शिव्या देत ती घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी मालकासमोर तिने तो शब्द बदलूनच ठेवला.

खासदार झाल्यापासून तिच्याशी असं कुणी भांडलंच नव्हतं. राजधानीतल्या बैठकांत लोक मान डोलावत आणि "बघू" म्हणत. सरकारी घरात ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. इकडे येताना प्रवासभर तिने आडव्याचे सगळे प्रश्न स्वतःलाच विचारून पाहिले होते. काहींना तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते त्याने विचारावेत, हॉल पेटावा, आणि तो राग पदरात घेऊन परत जावं, म्हणून तर ती आली होती.

"कुणाला काही बोलायचंय?"

पंखे फिरत राहिले. मग आडव्याने हात वर केला. तिचा जीव भांड्यात पडला.

"ताई म्हणतात त्याला माझं अनुमोदन," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे, ताई."

"मग भांडला का नाहीस? कलम गेलं ना हातचं!"

"तुम्ही तिथं बसता. तुम्हाला जास्त कळतं."

"तुम्ही? हे कधीपासून?"

त्याने हातावरचे भाजल्याचे जुने डाग चोळले. बोलला तो इतकं हळू, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"मुलगी नर्स आहे माझी. जिल्ह्याच्या पार टोकाला टाकलीय तिला. घरी हिला आता अंथरुणातून उठवत नाही. बदलीसाठी तुमचा एक फोन गेला असता तर..."

"करते," ती म्हणाली. "उद्याच करते." मग म्हणाली, "तू आत कडाडून भांडला असतास, तरी केला असता."

"हो, हो. ते आहेच," तो घाईघाईने म्हणाला.

"मग आता तरी सांग. खरं सांग. काय वाटलं तुला?"

आडवा हसला. कारखान्यात साहेब पाहणीला आले की माणसं हसतात, तसा.

"छान बोललात."

ड्रायव्हरने गाडी पायऱ्यांशी आणली. आडवा लगबगीने पुढे झाला, मागचं दार उघडलं, आणि ती आत बसेपर्यंत ते धरून उभा राहिला.