सत्तेचाळिसावी ओळ

ऑडिटर साडेतीनला येणार होते आणि सव्वातीन वाजता तक्त्यात एकच ओळ लाल उरली होती. सत्तेचाळिसावी.

कंपनी दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर करत होती. तक्त्यात डावीकडे गरजा, म्हणजे लोकांना काय हवंय ते. वर यूज केस, म्हणजे कोण येणार, काय करणार आणि त्याला काय मिळणार, ते प्रसंग. प्रत्येक गरजेपासून निदान एका प्रसंगापर्यंत माउसने रेघ ओढायची. रेघ आली की ओळ हिरवी. रेघ खरी की खोटी, हे तपासायची सोय तक्त्याच्या त्या महागड्या टूलमध्ये नव्हती, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

सत्तेचाळिसावी गरज, लोकांच्या गरजा लिहून घेणाऱ्या विश्लेषकाच्या आत्याची. डोळे अधू झालेली आत्या दर गुरुवारी दवाखान्यात जायची, म्हणून रुग्णांच्या वतीने तिलाच बोलावलं होतं. ती म्हणाली होती, "मला पडद्यावरचं दिसत नाही. तिथे बोलायला एखादं माणूस मिळू दे, बाकी काही नको." भाच्याने शब्द न् शब्द उतरवून घेतला. पण तसा प्रसंग कुणी रचलाच नाही.

"लॉगिनला जोडून टाक," मॅनेजर म्हणाला. "सगळं लॉगिनमधूनच जातं की."

विश्लेषकाला ते पटलं नाही, पण पटवून घ्यायला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्याने रेघ ओढली. ऑडिटरांनी हिरवागार तक्ता पाहून मान डोलावली आणि ते चहा पिऊन गेले.

दोन महिन्यांनी दवाखान्यात मशीन बसलं. आत्या भाच्याला हट्टाने घेऊन गेली आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगत सुटली, हे आमच्या पोराने केलंय. ती मशीनपाशी पोचली. तिने पडद्यावर हात फिरवला.

"काय लिहिलंय रे?"

प्रोग्रॅमरांनी ती रेघ इमानेइतबारे पाळली होती. भाच्याने घसा खाकरून वाचलं, "माणसाशी बोलण्यासाठी आधी लॉगिन करा. पासवर्ड किमान आठ अक्षरी."

"माझं म्हणणं लिहून घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं, आत्या. हिरवं आहे ते."

"हिरवं म्हणजे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिच्या नावाने लॉगिन केलं, नंबर घेतला आणि तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

"मिळालं की माणूस," आत्या समाधानाने म्हणाली. "दर गुरुवारी असाच येत जा."

दुसऱ्या दिवशी त्याने ती लॉगिनची रेघ पुसली आणि नवा प्रसंग उघडला. 'कोण येणार' ते दाखवायला टूलने नेहमीसारखा काड्यांचा एक माणूस काढून दिला आणि त्याचं नाव विचारलं. त्याने लिहिलं, 'भाचा'. सत्तेचाळीसपासून तिथवर रेघ ओढली. ओळ लगेच हिरवी झाली, तशी ती आधीही होतीच.

मग त्याने रजेचा अर्ज भरला. दर गुरुवारी, अर्धा दिवस. कारणाच्या रकान्यात लिहिलं, गरज क्रमांक सत्तेचाळीस.